दोघांत एक पुस्तक

संगणकाचा इतिहास म्हटला की बहुतेक ठिकाणी वेगाचा इतिहास वाचायला मिळतो. अमुक साली सेकंदाला इतके लाख ठोके, तमुक साली त्याच्या दसपट, मग शतपट... राजांच्या सनावळ्या असाव्यात तसं! कोण गादीवर आला, किती वर्षं बसला, पुढे कोण आला. पण राजवटी समजायच्या तर सनावळी पुरत नाही. शेतसारा कोण भरत होतं आणि कोणाला माफ होता, ते बघावं लागतं.

मी कला शाखेची, तेही मराठी माध्यमातली. मला सर्किट जोडायला सांगाल तर मी हात जोडीन. पण गेली काही वर्षं हौसेने वाचताना एक गोष्ट लक्षात आली. यंत्र किती वेगाने धावतं यापेक्षा ते कोणासाठी थांबतं, हा प्रश्न जास्त रंजक आहे. आणि तो प्रश्न इतिहासाचाच आहे. आज त्याच्याच एका धाग्याबद्दल लिहिते. यंत्राचा पडदा आणि यंत्राचं डोकं यांच्यात एकाच मेमरीवरून चाललेल्या भांडणाबद्दल. भांडण पंच्याहत्तर वर्षांहून जुनं आहे आणि अजून मिटलेलं नाही.

आधी थोडी ओळख करून देते, म्हणजे तंत्राच्या वाटेला न गेलेल्यांनाही बरोबर येता येईल. संगणकात प्रोसेसर असतो, तो विचार करतो असं समजू. मेमरी ही त्याची वही. वहीपासून प्रोसेसरपर्यंत जाणाऱ्या तारांच्या जुडग्याला म्हणतात बस. आपली लाल डब्याची एसटी नव्हे. पण नातं आहे बरं का! दोन्ही शब्द लॅटिनमधल्या 'ऑम्निबस'वरून आले. अर्थ - सर्वांसाठी. आणि सगळी गोष्ट याच अर्थात दडलेली आहे. जे सर्वांसाठी असतं तिथे रांग लागते.

रांगेत दोघं असतात. पहिला प्रोसेसर. त्याला पुढची सूचना वाचायची असते, उत्तर लिहायचं असतं. दुसरा पडदा. पडद्यावर जे चित्र दिसतं ते मेमरीत आकड्यांच्या रूपात मांडलेलं असतं आणि ते सतत वाचून पडद्याकडे पाठवावं लागतं. एकदा पाठवून भागत नाही. जुन्या काचेच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीमागून ओळ रंगवत जायचा आणि रंगवलेलं लगेच विझायचं. म्हणून सेकंदाला पन्नास वेळा झोताने वरून खाली यायचं. ब्रिटनच्या आणि आपल्या दूरदर्शनच्या पद्धतीत एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद मिळायचे, म्हणजे एका सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले ६४. त्या वेळात त्या ओळीचे ठिपके हजर नसतील तर झोत थांबत नाही, पुढे निघून जातो. तिथे मग काळी रेघ, नाहीतर कचरा.

थोडक्यात, प्रोसेसर थांबू शकतो, पडदा थांबू शकत नाही. आणि वही एकच.

आमच्या काळात शाळेत दोघांत एक पुस्तक असायचं. बाकावर मधोमध ठेवायचं. एकाचं पान वाचून व्हायचं, दुसरा अजून अर्ध्यावर. जो हट्टी त्याच्या बाजूला पुस्तक सरकायचं. पुढची सगळी गोष्ट या बाकावरचीच आहे असं समजून वाचा.

*

सुरुवात मँचेस्टरपासून करते. २१ जून १९४८. फ्रेडी विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल यांनी बनवलेल्या यंत्राने त्या दिवशी आपल्या मेमरीत साठवलेला कार्यक्रम पहिल्यांदा चालवून दाखवला. त्या यंत्राचं लाडकं नाव 'बेबी'. या बाळाची मेमरी म्हणजे चक्क टीव्हीसारखी काचेची नळी होती! पडद्यावर विद्युतभाराचे ठिपके, ३२ ओळी आणि ओळीत ३२ ठिपके, म्हणजे १०२४ ठिपके. एवढीच सगळी स्मरणशक्ती. ठिपका वाचण्यासाठी नळीच्या तोंडावर धातूचा पत्रा लावलेला असे, त्यामुळे ती नळी स्वतः बघता येत नसे. म्हणून शेजारी तशीच दुसरी नळी जोडली होती. पहिलीत जे असेल तेच दुसरीत दिसायचं. जगातल्या पहिल्या अशा यंत्रात मेमरी आणि पडदा ही जवळजवळ एकच वस्तू होती.

पण ठिपके क्षणात विरायला लागायचे, म्हणून ते पुन्हा पुन्हा गिरवावे लागत. मग यंत्राच्या वेळाचे आळीपाळीने दोन भाग केले. एका पाळीत गिरवायचं, दुसऱ्या पाळीत खरं काम. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच वहीचा निम्मा वेळ वही टिकवण्यात जात होता. ही 'पाळी'ची कल्पना लक्षात ठेवा. पुढे ती वेष बदलून येते.

नंतर बराच काळ मोठ्या संगणकांना असा सतत जिवंत पडदा नसायचाच. पंचकार्ड आत घालायचं, छापील कागद बाहेर यायचा. कागदाला घाई नसते. छापलेलं अक्षर विझत नाही. त्यामुळे भांडण झोपून राहिलं.

ते जागं झालं १९७३ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात. तिथे 'आल्टो' नावाचा संगणक झाला. त्याचे मुख्य रचनाकार चक थॅकर, ज्यांना पुढे २००९ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. आल्टोचा पडदा उभ्या कागदासारखा होता, ६०६ ठिपके आडवे आणि ८०८ उभे. प्रत्येक ठिपक्यासाठी मेमरीत एक जागा. गुणाकार करून बघा, साडेचार लाखांहून अधिक ठिपके होतात, म्हणजे सुमारे साठ हजार बाइट. यंत्राची मूळ मेमरी होती १२८ किलोबाइट. म्हणजे जवळजवळ निम्मी वही नुसत्या चित्रासाठी! आणि चित्र पडद्याला पुरवण्याचं काम प्रोसेसरच करायचा. त्यात त्याचा निम्म्याहून जास्त वेळ जायचा.

विचार करा, ज्या यंत्राच्या वेळेची किंमत तासावर मोजायची सवय होती त्या जगात कोणीतरी म्हणालं, निम्म्याहून जास्त वेळ फक्त दाखवण्यात गेला तरी चालेल. हा निर्णय तांत्रिक होता खरा, पण त्याआधी तो मूल्यांचा होता. माणसाचा वेळ यंत्राच्या वेळेपेक्षा मोलाचा आहे, असं त्यात गृहीत धरलं होतं. आज आपण खिडक्या आणि चित्रं असलेला पडदा वापरतो तो याच निर्णयाचा वारस.

*

श्रीमंत प्रयोगशाळेला ही चैन परवडली. घरगुती यंत्रं करणाऱ्यांचं काय? इथून गोष्ट खरी रंगते. कारण पैसा कमी असला की प्रत्येकाची युक्ती वेगळी होते.

पहिली युक्ती स्टीव्ह वॉझनियाकची, १९७७ सालच्या 'ॲपल टू' मध्ये. त्यात ६५०२ नावाचा स्वस्त प्रोसेसर होता, १९७५ मध्ये २५ डॉलरला विकायला आलेला. याची एक सवय होती. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याचे दोन अर्धे भाग असतात, त्यातल्या एकाच अर्ध्यात तो वहीला हात लावायचा. उरलेल्या अर्ध्यात वही बाकावर नुसती पडून! वॉझनियाकने तो रिकामा अर्धा भाग पडद्याला दिला. सेकंदाला सुमारे दहा लाख वेळा प्रोसेसर वाचायचा आणि मधल्या फटीत दहा लाख वेळा पडदा. दोघं एकमेकांना दिसतही नव्हते.

यात आणखी एक गंमत आहे. त्या काळची स्वस्त मेमरी विसराळू होती. दोन मिलिसेकंदांत तिच्या प्रत्येक रांगेला कोणीतरी भेट दिली नाही तर लिहिलेलं पुसलं जायचं. (बेबीची आठवण झाली ना?) त्यासाठी इतर यंत्रांत वेगळी सोय करावी लागे. वॉझनियाकने पडद्याच्या वाचनाचा क्रम असा काही लावला की चित्र वाचता वाचता सगळ्या रांगांना भेट आपोआप घडावी. एका फेरीत दोन कामं. त्याची किंमत एवढीच, की पडद्यावरच्या ओळी मेमरीत सरळ एकाखाली एक न राहता उड्या मारत गेल्या आणि कार्यक्रम लिहिणाऱ्यांना त्या क्रमाने डोकं धरायला लावलं.

दुसरी युक्ती इंग्लंडमधल्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांची. त्यांना शंभर पौंडांच्या आत संगणक विकायचा होता. १९८० मध्ये 'झेडएक्स ८०' ९९ पौंड ९५ पेन्सला आला. त्यात पडद्याला वाचून देणारा वेगळा गडीच नव्हता, प्रोसेसरच ते काम करायचा. मग तो विचार करायला लागला की पडदा सोडून जायचा. एखादी कळ दाबली की चित्र उडायचं, मोठा हिशोब सुरू झाला की पडदा कोरा. हिशोब संपला की चित्र परत. एकच माणूस स्वयंपाकही करतो आणि दारही उघडतो, तेव्हा बेल वाजली की पोळी करपते तसं!

पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, 'झेडएक्स ८१' आला, आणखी स्वस्त, ६९ पौंड ९५ पेन्स. त्याने निवड वापरणाऱ्यावर सोपवली. 'फास्ट' म्हटलं तर हिशोब पूर्ण वेगाने, पण काम चालू असताना पडदा दिसणार नाही. 'स्लो' म्हटलं तर चित्र कायम, पण प्रोसेसर तुमचं काम करणार ते फक्त चित्राच्या वरच्या आणि खालच्या कोऱ्या पट्ट्या चालू असताना. वेग साधारण चौथ्या हिश्शावर यायचा. मला हे फार प्रामाणिक वाटतं. इतर यंत्रं जो सौदा पोटात लपवत होती, तो यात दोन शब्दांत लिहून ठेवला होता. बघायचं की विचार करायचा? एक निवडा.

मेमरीबाबतही तीच काटकसर. यात मेमरी होती फक्त एक किलोबाइट, १०२४ बाइट. पडदाभर अक्षरं मांडली तर ७९३ बाइट त्यातच संपायचे. म्हणून कोऱ्या ओळींना जागाच द्यायची नाही, 'ओळ संपली' एवढी एक खूण ठेवायची असं ठरलं. पडदा पूर्ण कोरा असेल तर २५ बाइट पुरायचे. न लिहिलेल्या जागेचं भाडं नाही!

१९८२ मध्ये सिंक्लेअर यांचाच 'झेडएक्स स्पेक्ट्रम' आला. इथे पडद्यासाठी वेगळी चिप दिली आणि मेमरीचे दोन भाग केले. खालच्या १६ किलोबाइटमध्ये चित्र, ६९१२ बाइटचं. तिथे पडद्याच्या चिपचा पहिला हक्क. ती वाचत असताना प्रोसेसर तिथे आला तर ती सरळ त्याच्या घड्याळाचा ठोका अडवून धरायची. वरच्या ३२ किलोबाइटमध्ये मात्र पडद्याला मज्जाव, तिथे प्रोसेसर मोकळा. हुशार मुलं लवकरच शिकली, खेळाचा घाईचा भाग वरच्या घरात ठेवायचा. तोच कार्यक्रम, तोच प्रोसेसर, पण पत्ता बदलला की वेग बदलायचा.

त्याच साली अमेरिकेत 'कमोडोर ६४' आला. तिथली पडद्याची चिप बहुतेक वेळ ॲपलसारखी मधल्या फटीत भागवायची, पण अक्षरांच्या प्रत्येक नव्या ओळीला तिला एकदम चाळीस बाइट जास्तीचे लागत. मग आठ रेघांतून एकदा ती प्रोसेसरला बाजूला करून वही ओढून घ्यायची. कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी त्या रेघेला नाव दिलं 'बॅड लाइन'. टेपवरून कार्यक्रम चढवताना प्रोसेसरला ठोका चुकवून चालत नसे, म्हणून तेवढ्या वेळासाठी पडदाच बंद ठेवला जाई. म्हणजे पुन्हा तेच, बघायचं की काम करायचं?

तिसरी वाट वेगळ्या चुलीची. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९७९ च्या सुमारास पडद्याची अशी चिप काढली जिची मेमरी तिची स्वतःची, १६ किलोबाइट. प्रोसेसरला त्या वहीत काही लिहायचं असेल तर थेट हात घालता येत नसे. चिपच्या दारात एकेक बाइट ठेवायचा, ती आत नेऊन लिहिणार. भांडण मिटलं, पण घरात भिंत आली. चित्रात पटकन काही बदलायचं तर दाराशी खेटे. वेगळं राहण्यात शांतता असते हे खरं, पण मधला उंबरठाही असतो, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको.

*

आता या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग. इंग्लंडमध्ये केंब्रिजला एकॉर्न नावाची छोटी कंपनी होती. तिथे सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी बीबीसीच्या संगणक साक्षरतेच्या कार्यक्रमासाठी एक यंत्र केलं. डिसेंबर १९८१ मध्ये ते बाजारात आलं, नाव बीबीसी मायक्रो. प्रोसेसर ॲपलवालाच, ६५०२, पण दुप्पट वेगाचा. फटीतून पडद्याला वाट देण्याची युक्तीही तीच. पण प्रोसेसर सेकंदाला वीस लाख वेळा वाचणार आणि मधल्या फटीत पडदाही वीस लाख वेळा, म्हणजे मेमरीने सेकंदाला चाळीस लाख वेळा उत्तर द्यायला हवं. त्या वेळी इतकी चपळ चिप सहज मिळत नव्हती, ती जपानच्या हिताचीकडून मिळवली. त्यामुळे या यंत्रात चित्र कितीही बारीक असो, प्रोसेसर एक ठोकाही थांबला नाही. (जागेचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. सर्वांत बारीक चित्र ३२ पैकी २० किलोबाइट खायचं.)

हे यंत्र आपल्याकडेही आलं बरं का. १९८४-८५ मध्ये भारत सरकारने शाळांसाठी 'क्लास' हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा सुरुवातीच्या सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रोच दिले गेले. माझ्या वयाच्या काही शिक्षकांनी आयुष्यात पहिल्यांदा संगणकाच्या कळा दाबल्या त्या याच यंत्राच्या.

आता तुलनेची गंमत बघा. १९८३ मध्ये एकॉर्नने याच यंत्राचा धाकटा भाऊ काढला, 'इलेक्ट्रॉन'. बीबीसीचं चांगलं मॉडेल ३९९ पौंडांना, हा १९९ ला. प्रोसेसर तोच, भाषा तीच, मेमरीही तेवढीच, ३२ किलोबाइट. फरक कुठे? पैसे वाचवायला मेमरीच्या फक्त चार चिपा बसवल्या. एका वेळी आठऐवजी चारच बिट बाहेर यायचे, म्हणून प्रत्येक बाइटसाठी दोनदा जावं लागायचं. पडद्यासाठी फटच उरली नाही. बारीक चित्र लावलं की पडद्यावर ओळ काढली जात असेपर्यंत प्रोसेसर नुसता ताटकळत बसायचा. लोक म्हणाले, इलेक्ट्रॉन मंद आहे.

तो मंद नव्हता! त्याच्या हातात पुस्तक येत नव्हतं.

इतिहासात असा पुरावा क्वचित मिळतो. दोन भाऊ, एकाच बुद्धीचे, एकाच घरात वाढलेले, फरक फक्त पुस्तकाच्या वाटणीचा. आणि निकालपत्रक वेगळं. शिक्षकी पेशात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला इथे थांबावंसं वाटतंच. वर्गात मागे पडलेल्या मुलाबद्दल पहिला शब्द ओठांवर येतो तो 'मंद'. घरी दिवा किती वाजेपर्यंत असतो, पुस्तक भावंडांत कितीजणांना पुरवायचं असतं, पाणी भरून यायला किती वेळ जातो, हे प्रश्न नंतर येतात. आले तर.

विल्सन आणि फर्बर यांनी मात्र हा प्रश्न आधी विचारला. पुढच्या यंत्रासाठी त्यांनी त्या वेळचे मोठमोठे प्रोसेसर तपासून पाहिले. निष्कर्ष काय निघाला? प्रोसेसर किती कामाचा हे त्याच्या हुशारीवर फारसं ठरत नाही, तो मेमरीकडून सेकंदाला किती मजकूर घेऊ शकतो यावर ठरतं. आणि ते महागडे प्रोसेसर मेमरी देऊ शकत होती तेवढंही घेत नव्हते. मग १९८३ मध्ये त्यांनी स्वतःचाच प्रोसेसर करायला घेतला. साधा, सुमारे २५ हजार ट्रान्झिस्टरचा, पण मेमरीच्या वाटेचा पुरेपूर वापर करणारा. २६ एप्रिल १९८५ रोजी तो पहिल्यांदा चालला. त्याचं नाव एआरएम, म्हणजे आर्म.

१९८७ मध्ये त्यावर 'आर्किमिडीज' हा संगणक निघाला. त्यातही पडद्याची चिप वेगळी होती आणि मेमरी एकच. पण आता पडदा एकेक घास न मागता एकदम चार मोठे घास घ्यायचा आणि आपल्या डब्यात ठेवून सावकाश खायचा, म्हणजे प्रोसेसरला मधे सलग वेळ मिळावा. तरीही फार बारीक चित्र लावलं की प्रोसेसर मंदावायचाच. पडद्याचा पहिला हक्क कायम राहिला.

त्याच दशकात आयबीएमच्या संशोधकांना आणखी एक उपाय सुचला होता, दोन दारांची मेमरी. एका दाराने प्रोसेसर, दुसऱ्याने पडदा. १९८६ पासून ती बाजारातल्या यंत्रांत दिसू लागली. उत्तम उपाय, पण महाग. साधी मेमरी वेगवान होत गेली तशी दोन दारांची मागे पडली. स्वस्त गोष्ट पुरेशी चांगली झाली की उत्तम गोष्ट अडगळीत जाते. हाही इतिहासाचा जुना नियम.

*

'हे सगळं संग्रहालयातलं झालं, आता काय त्याचं?' असं कोणी म्हणेल. माझा भाचा पुण्यात यंत्रांचे छोटे पडदे बसवणाऱ्या कामात आहे. धुलाई यंत्र, दवाखान्यातलं मोजमापाचं यंत्र, लिफ्ट, अशा वस्तूंच्या पोटात एक बोटाच्या पेराएवढा संगणक असतो, त्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. त्याच्याकडून मी एका चिपची माहितीपुस्तिका मागून घेतली आणि वाचताना जुने मित्र भेटावेत तसं झालं.

१९९० मध्ये आर्म स्वतंत्र कंपनी झाली. २००४ मध्ये तिने मायक्रोकंट्रोलरसाठी 'कॉर्टेक्स-एम३' हा प्रोसेसर जाहीर केला आणि २००७ पासून एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सने त्या घराण्यावर 'एसटीएम३२' ही मालिका काढली. भाच्याने दिलेली पुस्तिका त्याच मालिकेतल्या एफ४२९ नावाच्या चिपची. तिचा प्रोसेसर सेकंदाला १८ कोटी ठोक्यांपर्यंत चालतो. आत २५६ किलोबाइट मेमरी आणि पडद्याला चित्र पुरवणारा वेगळा विभाग. त्या २५६ पैकी ६४ किलोबाइट अशी आहे की जिथे फक्त प्रोसेसरला प्रवेश, पडद्याला मज्जाव. स्पेक्ट्रमचं वरचं घर! पडद्याच्या विभागात घास साठवायचा डबा आहे, तोही आर्किमिडीजसारखाच. डबा रिकामा पडला आणि वही वेळेवर मिळाली नाही तर 'उपासमार झाली' अशी खूण करायची सोय पुस्तिकेत दिलेली आहे. त्या क्षणी पडद्यावर चित्र फाटतं किंवा थरथरतं.

इतक्या वेगवान चिपला उपासमार कशी? मी कागद-पेन घेऊन बसले. ८०० बाय ४८० ठिपक्यांचा पडदा, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे एका चित्राला ७ लाख ६८ हजार बाइट. आतल्या मेमरीत मावतच नाही, बाहेर वेगळी मेमरी जोडावी लागते. सेकंदाला ६० वेळा ते वाचायचं, म्हणजे ४ कोटी ६० लाख बाइट. स्पेक्ट्रमचा पडदा सेकंदाला सुमारे सहा लाख बाइट वाचायचा. म्हणजे प्रोसेसरचे ठोके ३५ लाखांवरून १८ कोटींवर गेले, सुमारे ५१ पट. आणि पडद्याची भूक वाढली ७५ पट! बाहेरची मेमरी १६ बिटांच्या वाटेने जोडली तर ती वाट फार तर सेकंदाला १८ कोटी बाइटची, तीही सगळं सुरळीत चाललं तर. त्यातला चौथा हिस्सा पडदा एकटाच घेतो. एकावर एक दोन चित्रांचे थर लावले तर निम्मा. आणि ते चित्र आधी मेमरीत काढायला प्रोसेसरलाही तीच वाट हवी असते.

ठोके कितीही वाढले तरी पडद्याचं मागणं त्याच्या पुढे धावतं. म्हणून उपायही जुनेच. काही जागा एकट्या प्रोसेसरसाठी राखायची, मोठे घास घ्यायचे, कोऱ्या जागेचं भाडं टाळायचं, रंग कमी ठेवायचे, किंवा पडद्याला त्याची स्वतःची मेमरी देऊन वेगळी चूल मांडायची. छोट्या पडद्यांत हा शेवटचा उपाय पुष्कळदा दिसतो. आल्टो, ॲपल, झेडएक्स ८१, टेक्सासची चिप, सगळे तिथे हजर आहेत. फक्त नखाएवढ्या जागेत.

खानदेशात पांझरा, मोसम या नद्यांवर जुनी फड पद्धत होती. बांधाचं पाणी एकाच पाटाने येतं, शेतं अनेक. पाटकरी पाळी लावतो. नदीला पाणी किती यावर पिकं ठरत नाहीत, पाळी कशी लावली यावर ठरतात. कोणतं पीक एक दिवस थांबू शकतं आणि कोणतं नाही, हे ज्याला कळतं तो चांगला पाटकरी. वॉझनियाक, विल्सन, फर्बर ही मंडळी माझ्या लेखी अशीच पाटकरी होती. त्यांच्याकडे जास्तीचं पाणी नव्हतं. वाया जाणारी अर्धी पाळी मात्र त्यांना दिसली.

थांबावं कोणी, हे त्यांनी कसं ठरवलं तेही बघण्यासारखं आहे. जो मोठा, जो महाग, जो हुशार त्याला पहिला हक्क, असा नियम नव्हता. असता तर प्रोसेसरच नेहमी जिंकला असता. नियम होता, ज्याला थांबताच येत नाही त्याला आधी. आणि मग जो थांबला त्याचा थांबलेला वेळ वसूल कसा करता येईल, याचा विचार. माणसांच्या वाटण्यांतही यापेक्षा बरा नियम मला अजून सापडलेला नाही.

एखादं यंत्र अडखळताना दिसलं की 'चिप जुनी झाली, नवी आणा' हा सल्ला पटकन दिला जातो. कधी तो बरोबरही असतो. पण आधी विचारावं, त्याच्या वाटेवर आणखी कोण उभं आहे? कितीदा वाचतं आहे? त्याला थांबता येतं का? भाच्याला हे म्हटलं तर तो म्हणाला, "मावशी, आमच्या ऑफिसात हाच प्रश्न विचारायला दोन दिवस मीटिंग चालते." असो! ज्यांनी स्पेक्ट्रम किंवा बीबीसी प्रत्यक्ष वापरला असेल त्यांनी आठवणी जरूर लिहाव्यात. वाचायला आवडेल.